पाण्याचा हिशेब

पांझरा नदीच्या काठी एक गाव होते. धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूला अशी गावे पुष्कळ आहेत. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्याच्या कडेने निघालेला पाट आणि पाटाखाली गावची बागायत. ही बागायत चार फडांत वाटलेली होती. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, असे. शेतकऱ्याचा एक तरी तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाऊस कमी झाला की पंच बसायचे आणि यंदा अमक्याच फडांना पाणी, बाकीचे कोरडे, असे ठरवायचे. मग श्रीमंताचे रान भिजायचे तिथेच गरिबाचेही भिजायचे आणि कोरडे राहायचे ते दोघांचेही राहायचे. तिकडच्या शेतकऱ्यांनी ही फडाची रीत शेकडो वर्षे स्वतः चालवली. फार शहाण्या माणसांनी बसवलेली रीत होती ती.

पाणी वाटायला गावाने माणसे नेमलेली होती. हवालदार देखरेख करी. जागल्या पाटाची राखण करी. पाटकरी चारीचारीतून पाणी फिरवी. त्यांचा मोबदला खळ्यावर धान्यात मिळे.

त्या गावचा पाटकरी म्हातारा झाला होता. त्याच्याजवळ घड्याळ नव्हते. पाळी आली की तो फावडे खांद्यावर टाकी आणि चारीच्या तोंडापासून टोकापर्यंत चालत जाई. परत येई, पुन्हा जाई. रात्री हातात कंदील असे. कोणाचे रान किती भिजले हे तो वाकून, मातीत बोट घालून पाही.

त्याचा नातू तालुक्याच्या गावी बारावीत शिकत होता. गणितात तो कधी मार्क सोडत नसे. त्याचे ठरले होते. शिकायचे, इंजिनिअर व्हायचे, पुण्याला नोकरी धरायची. फावड्याकडे तो पाहतसुद्धा नसे. शिकलो की हे सुटेल, एवढेच त्याला शिक्षणाकडून हवे होते. यात मी त्याला दोष देणार नाही. ज्याने बापाच्या आणि आज्याच्या टाचांच्या भेगा पाहिल्या आहेत, त्याला असे वाटणारच.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. दोनच फडांना पाणी द्यायचे ठरले, उसाच्या आणि गव्हाच्या. गहू पेरून झाला आणि पंधरा दिवसांत म्हातारा बंधाऱ्यावरून घसरला. त्याचा पाय मोडला.

पंच घरी आले. म्हणाले, "बाबा, तुम्ही पडून राहा. या हंगामाला नातू पाणी फिरवील."

पोरगा म्हणाला, "माझी बारावी आहे. मला कसं जमेल?"

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "मागल्या खळ्याचं धान्य आपण खाल्लंय. यंदाच्या खळ्याचंही घेऊ. मग पाळी चुकवायची कशी?"

पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो चारीवर गेला.

गव्हाच्या फडातल्या त्या चारीवर आठ जणांची राने होती, प्रत्येकाचा एकेक बिघा. तिसरे रान पोराच्या घरचे होते. पोराने दोन दिवस लोकांचे बोलणे ऐकले. एक म्हणे, याला जास्त पाणी मिळते. दुसरा म्हणे, त्याला. कोणाजवळ पुरावा नव्हता, कारण म्हाताऱ्याचा सगळा हिशेब त्याच्या बोटात होता.

पोराने वही काढली. आठ बिघे, चारीला मिळणारे सोळा तास. प्रत्येकी दोन तास. त्याने रेघा मारून तक्ता केला. पहिल्याची पाळी सकाळी दहा ते बारा, दुसऱ्याची बारा ते दोन, अशी शेवटच्याची रात्री बारा ते दोन. तक्ता त्याने मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर डकवला. खाली नियम लिहिला. पाटकरी चारीच्या तोंडाशी घड्याळ घेऊन बसेल. वेळ झाली की शिट्टी वाजवील. शिट्टी ऐकली की आधीच्याने आपले दार बांधायचे, पुढच्याने आपले उघडायचे.

पंचांनी तक्ता वाचला आणि एकमेकांकडे पाहिले. हवालदार म्हणाला, "इतकी वर्षं भांडलो. पोरानं एका कागदात भांडण मिटवलं."

पोराला बरे वाटले. शिक्षणाचा असा उपयोग त्याला ठाऊक नव्हता.

पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांत गव्हाला मुकुटमुळे फुटतात. ते पाणी चुकले तर फुटवे कमी येतात, मग पुढे कितीही पाणी द्या, गेलेले भरून येत नाही. म्हणून एकविसाव्या दिवशी चारीला पाणी सुटले. पोरगा चारीच्या तोंडाशी गोधडी टाकून बसला. एका हाताशी घड्याळ, दुसऱ्या हाताशी पदार्थविज्ञानाचे पुस्तक. दोन तास झाले की शिट्टी. पहिल्या सातही जणांचे रान भिजले. मध्यरात्री शेवटची शिट्टी झाली. दोन वाजता त्याने चारीचे तोंड बांधले आणि तो घरी जाऊन झोपला. मिनिटाचाही फरक पडला नव्हता.

चारीच्या टोकाला एका म्हातारीचे रान होते. घरात ती एकटी. दोन दिवसांनी ती पाटकऱ्याच्या अंगणात येऊन बसली.

पोरगा म्हणाला, "काय गं, आजीमाय?"

ती म्हणाली, "बाळा, त्या कागदावर माझं पाणी आलंय म्हणतात. मला काही वाचता येत नाही. पण रानात आलं नाही."

"असं कसं? बारा ते दोन तुझंच पाणी होतं."

"मी दार उघडून बसले होते. बसूनच राहिले. पाणी आलं तेव्हा मध्यरात्र उलटून बराच वेळ झाला होता. वरचे वाफे भरले. खालच्या वाफ्यांत ढेकूळसुद्धा विरघळलं नाही."

"मग पंचांकडे का नाही गेलीस?"

"गेले होते. ते म्हणाले, कागदावर दोन तास आहेत."

एवढे बोलून ती उठली आणि गेली. पोराने वही उघडली. आठ बिघे, सोळा तास, प्रत्येकी दोन. पुन्हा मांडले. उत्तर तेच आले. वही घेऊन तो आज्याच्या खाटेपाशी गेला.

"आबा, यात चूक दाखवा."

म्हाताऱ्याला गणित येत नव्हते. तरी त्याने वही हातात घेतली, आकड्यांवरून बोट फिरवले आणि परत दिली. "चूक नसेल. घड्याळ कुठं ठेवलं होतंस?"

"चारीच्या तोंडाशी."

"आणि तू?"

"मीही तिथंच."

म्हातारा म्हणाला, "जा. टोकापर्यंत जाऊन ये."

पोरगा भर दुपारी कोरड्या चारीतून चालत निघाला. सहा रानांपर्यंत काही वावगे दिसले नाही. काळी माती, चारी सरळ. सातव्या रानाच्या पुढे मात्र जमीन बदलली. तिथे मुरमाड पट्टा होता, बराच लांब. चारी त्यातून वळत गेली होती. वळणावर लव्हाळा माजला होता. खाली उंदरांची बिळे होती. त्याने एका बिळात हात घातला, तो कोपरापर्यंत गेला. आतली माती अजून ओली होती. म्हातारीच्या गव्हाचे पाणी तिथे गेले होते.

त्याने घरून फावडे आणले. लव्हाळा खणून काढला. बिळे चिखलाने चेपून बंद केली. संध्याकाळी तो आज्यापाशी येऊन बसला.

"आबा, आजीमायचे अर्धे वाफे कोरडे आहेत. पुढची पाळी यायला वेळ आहे. तोवर मुळं थांबायची नाहीत. आज रात्री उसाच्या फडात आपल्या घरची पाळी आहे. ते पाणी तिला देऊ?"

म्हातारा म्हणाला, "ऊस चार दिवस कळ काढील. गहू काढायचा नाही. दे. पण पंचांना सांगून दे. चोरून दिलेलं पाणी धर्माचं असलं तरी चोरीचंच."

पोरगा पंचांकडे गेला. म्हणाला, "तक्ता मी केला, त्यामुळे म्हातारीचं रान कोरडं राहिलं. आमच्या उसाचं पाणी तिच्या गव्हाला सोडायला परवानगी द्या." पंचांनी परवानगी दिली.

त्या रात्री तो चारीच्या तोंडाशी बसला नाही. जागल्याला तिथे बसवून तो पाण्याबरोबर चालत निघाला. सातव्या दारापाशी पाणी पोचले तेव्हा त्याने घड्याळ पाहिले आणि एक काडी पाण्याच्या तोंडावर टाकली. काळ्या मातीत पाणी माणसाच्या चालीने आले होते. मुरमात ते रांगू लागले. हातभर पुढे जाई आणि थांबे. थांबलेल्या जागी बुडबुडे येत, काडी गोल फिरे, मुरूम पाणी पिऊन घेई. मुरमाचे पोट भरले की काडी पुन्हा हातभर पुढे. बिळे बुजवली होती, लव्हाळा काढला होता, तरीही त्या पट्ट्यातून म्हातारीच्या दारापर्यंत यायला काडीला ४८ मिनिटे लागली.

पोरगा बांधावर उभा राहिला. त्याला कळले की १२० मिनिटांतली ४८ मिनिटे म्हातारीच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. बिळांमुळे त्या रात्री तर आणखी गेली होती. बिळांवर उपाय फावड्याने झाला. मुरमावर फावड्याचा उपाय नव्हता. तिथे गणितच हवे होते.

तिथेच बसून कंदिलाच्या उजेडात त्याने मांडले. सोळा तास म्हणजे ९६० मिनिटे. वाटेत मुरणारी ४८ वजा केली, उरली ९१२. भागिले आठ. प्रत्येकाला रानात पडलेले पाणी ११४ मिनिटे. म्हणजे दर माणशी सहा मिनिटे कमी. आणि म्हातारीचे घड्याळ सुरू व्हायचे ते पाणी तिच्या दारात आल्यावर.

पंच बसले. आठही खातेदार आले. पहिल्या रानाचा मालक म्हणाला, "माझ्या रानापाशी मुरूम नाही. माझी सहा मिनिटं का जावीत?"

पोरगा म्हणाला, "नाना, पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस जातो. आजीमाय येते की नाही?"

"येते."

"चारी साफ करायला ती तुमच्या बांधापर्यंत येते?"

"येते."

"तुमच्या रानात पाणी येतं, ते तिनंही काढलेल्या गाळातून येतं. तेव्हा ती म्हणत नाही की माझं रान खाली आहे, मी वरचा गाळ का काढू? मुरूम चारीत आहे. चारी आठ जणांची आहे. सहा मिनिटं आमच्या घरचीही जातील."

नाना बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लिही."

नवा तक्ता लागला. पुढच्या पाळीला पोरगा पुस्तक घरी ठेवून आला. पाणी फिरे तसा तो फिरे, आणि प्रत्येक दार पाणी आल्यावरच मोजू लागे. तो अभ्यास पहाटे करी. झोप कमी झाली, तब्येत थोडी उतरली, पण परीक्षा चांगली गेली. म्हातारीच्या खालच्या वाफ्यांतला गहू वरच्यापेक्षा बोटभर ठेंगणाच राहिला. दोन दिवस उशीर झाला होता, तो दिसणारच. तरी ओंब्या भरल्या.

खळ्यावर धान्य वाटताना हवालदाराने पोराला विचारले, "आता पुढं काय करणार? पुण्याला जाणार म्हणत होतास."

पोरगा म्हणाला, "शिकायला तर जाणारच. इंजिनिअरही होईन. पण पाण्याचा होईन. पाट, बंधारे, कालवे यांचा. मला वाटायचं, शिकलो की इथून सुटेन. आता वाटतं, न शिकता मी त्या मुरमाचं काहीच करू शकलो नसतो. आणि टोकाला गेलो नसतो, तर शिकूनही नसतो करू शकलो."

म्हातारा काठी टेकत शेजारी उभा होता. तो म्हणाला, "एवढंच ध्यानात ठेव. शिकलेल्या माणसाचा हिशेब कागदावर जुळून भागत नाही. शेवटच्या माणसाच्या रानात जुळला पाहिजे."

मग पोराला धुळ्याला प्रवेश मिळाला. जाण्याआधी नव्या पाटकऱ्याला काम शिकवायचे होते. जागल्याची मुलगी दहावी झाली होती, तिने ते मागून घेतले. पंच आधी नको म्हणाले, मग हो म्हणाले. पोराने तिला तक्ता समजावला, वही दिली, चारीची दारे दाखवली.

ती म्हणाली, "दादा, घड्याळ राहिलं."

पोराने फावडे तिच्या हातात दिले आणि चारीत उतरून तो पुढे चालू लागला.

"चल," तो म्हणाला, "टोकाला गेल्यावर देतो."