समोर बसलेल्या माणसाचा हक्क

डेव्हिड रॉबर्ट्स हा स्कॉटिश चित्रकार 1839च्या वसंतात जेरुसलेमला पोचला. इजिप्त, सिनाई आणि पेट्रा पालथं घालून तो आला होता. अंगावर अरबी वेश होता आणि बाडात रेखाटनांचा ढीग. लंडनला परतल्यावर लुई हाघने ती चित्रं शिळाछापावर उतरवली. 1842 ते 1849 या काळात त्यांचे खंड निघाले आणि युरोपच्या मनात ‘पवित्र भूमी’ची जी प्रतिमा ठसली ती पुढची शंभर वर्षं पुसली गेली नाही. राणी व्हिक्टोरिया या खंडांची वर्गणीदार होती. ती चित्रं आजही थक्क करतात. पण त्यांतली माणसं शोधू लागलं की निराशा होते. कमानीपाशी दोघे-तिघे बसलेले, वाटेवर एखादा उंटवाला, पायरीवर बुरखाधारी बाई. भिंत किती उंच आहे हे बघणाऱ्याला कळावं, एवढंच त्यांचं काम. आपण कुठे उभं राहावं, कसं दिसावं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आज इस्राएल आणि पॅलेस्टाइन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या चिंचोळ्या पट्टीइतकी कागदावर उतरलेली भूमी जगात क्वचितच सापडेल. यात्रेकरू आले, मिशनरी आले, नकाशे करणारे आले, पुढे बातमीदार आले. प्रत्येकाने आपल्या धर्मग्रंथात किंवा वर्तमानपत्रात आधीच वाचलेला देश काढून नेला. म्हणूनच इथे चित्रकाराने फिरणं आणि तिथल्या माणसांबरोबर बसून चित्र करणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट फार थोड्यांनी केली. ज्यांनी केली त्यांचं काम जास्त खरं उतरलं आहे.

माणसांनी आपलं म्हणणं मांडल्याचा एक जुना दाखला नकाराच्या रूपात मिळतो. विल्यम होल्मन हंट हा इंग्रज चित्रकार 1854मध्ये जेरुसलेमला आला तो देवळातल्या बाल येशूचं चित्र रंगवण्यासाठी. त्याला आजूबाजूचे पंडित अस्सल ज्यू चेहऱ्यांचे हवे होते. पण हा माणूस धर्मांतर करायला आलेल्यांपैकी आहे, असा संशय गावातल्या ज्यूंना आला. धर्मगुरूंनी मनाई केली आणि समोर बसायला माणसं मिळेनाशी झाली. शेवटी हंटने लंडनमधले ज्यू बसवून 1860मध्ये ते चित्र पुरं केलं. कलेच्या इतिहासात हा प्रसंग चित्रकाराची अडचण म्हणून सांगितला जातो. खरं तर त्याची दुसरी बाजू जास्त मोलाची आहे. आपला चेहरा कशासाठी वापरला जाणार आहे हे ओळखून त्या गरीब वस्तीने तो द्यायचं नाकारलं.

ॲना टिखोचा मार्ग याच्या अगदी उलटा. मोराव्हियात जन्मलेली, व्हिएन्नात चित्रकला शिकलेली ही मुलगी 1912मध्ये जेरुसलेमला आली आणि डॉ. अव्राहाम टिखो या नेत्रतज्ज्ञाशी तिने लग्न केलं. तिथल्या प्रखर उन्हाने ती आधी इतकी बावरली की बराच काळ तिने पेन्सिल धरलीच नाही. पुढे ती नवऱ्याच्या दवाखान्यात मदत करू लागली. खुपऱ्यांनी त्या काळी गावंच्या गावं आंधळी होत असत. ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे एकाच बाकावर वाट बघत बसायचे. टिखोने काढलेले सुरकुतलेले म्हातारे चेहरे बघावेत. त्या सुरकुत्या आणि तिनेच काढलेल्या जेरुसलेमभोवतालच्या खडकाळ टेकड्या एकाच हाताच्या आहेत हे लगेच जाणवतं. 1929मध्ये तिच्या नवऱ्यावर सुरीहल्ला झाला. तो वाचला आणि दवाखाना पुन्हा सुरू झाला. 1980मध्ये ती गेली तेव्हा आपलं घर जेरुसलेमच्या लोकांसाठी ठेवून गेली. रोज भेटणारी माणसं काढली की ती देखाव्याची राहत नाहीत, हे तिच्या चित्रांत स्पष्ट दिसतं.

मराठी वाचकाला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटावी अशी चित्रकार मात्र मुंबईची आहे. सियोना बेंजामिन 1960मध्ये मुंबईत बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातल्या घरात जन्मली. कॅथलिक आणि पारशी शाळांत शिकली, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकली आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाली. तिच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात. लिलिथ, मिरियम, रिबेका या बायबलमधल्या आणि ज्यू दंतकथांमधल्या स्त्रिया तिच्याकडे मुघल लघुचित्रांच्या बारकाईने आणि कृष्ण-कालीच्या वर्णाने येतात. अमेरिकेत ज्यू म्हटलं की गोरा माणूस डोळ्यांपुढे येतो. त्या चौकटीत न बसणाऱ्या बाईने आपला रंगच बदलून चित्रात पाऊल टाकलं. या कामावर ‘ब्लू लाइक मी’ नावाचा माहितीपटही झाला आहे.

तिला दोनदा फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली. पहिल्या वेळी ती भारतात आली आणि इथे उरलेल्या ज्यूंना भेटली. दुसऱ्या वेळी, 2016-17मध्ये, इस्राएलला गेली आणि तिथे स्थायिक झालेल्या भारतीय ज्यूंमध्ये फिरली. रीत सांगायला सोपी आहे, करायला अवघड. आधी माणसाकडे जाऊन बसायचं, त्याची कहाणी ऐकायची, त्याचे फोटो काढायचे. मग त्या फोटोवर आणि फोटोभोवती गॉशने रंगवायचं, सोन्याचा वर्ख लावायचा, त्याने सांगितलेल्या गोष्टींतून वेलबुट्टी, प्राणी, घरं, देवदूत उमलवायचे. चेहरा छायाचित्रातला, म्हणजे नाकारता न येणारा. भोवतीचं जग मात्र बोलण्यातून आलेलं. बोलणं झालंच नाही तर चित्राचा निम्मा कागद कोरा राहणार.

हे बोलणं कोणतं, याचा अंदाज कोकणाला असायला हवा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, ही बेने इस्राएलांची मूळकथा आहे. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी काम बंद ठेवायचं, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागलं. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही आडनावं त्यांनी जपली. 1948नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले आणि दिमोना, बीरशेबा, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत वसले. यांपैकी दिमोना 1955मध्ये नेगेवच्या वाळवंटात नव्यानेच वसवलेलं. कोकणातल्या पावसातून आलेल्या माणसांना आधी तिथली धूळ दिसली असेल. त्याहून कडू अनुभव पुढे आला. यांचं ज्यूपण शुद्ध आहे का, त्यांच्याशी लग्नं लावावीत का, असा प्रश्न तिथल्या धर्मपीठाने उभा केला. बेने इस्राएल जेरुसलेममध्ये रस्त्यावर उतरले आणि 1964मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य करवूनच थांबले. मोशे, याकोब, राहेल ही नावं पिढ्यान्‌पिढ्या धारण केलेल्या लोकांना आपल्याच देशात आपली ओळख सिद्ध करावी लागली. चित्रकारासमोर बसलेल्या माणसाचा स्वतःच्या चेहऱ्यावर हक्क असतो की नाही, हा प्रश्न अशा समाजासाठी अजिबात नाजूक किंवा कलात्मक नाही.

मलिद्याचं ताट हे या समाजाचं जिवंत चित्रच आहे. भिजवलेले पोहे, साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, वर सुकामेवा आणि रचून ठेवलेली फळं. एलियाहू हनबी या प्रेषिताचं नाव घेऊन, हिब्रू प्रार्थना म्हणून ते वाटलं जातं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात. इस्राएलमध्ये गेल्यावर या कुटुंबांनी हैफाच्या एलियाहूच्या गुहेशी नातं जोडलं. लग्नाआधी मेंदी आणि मलिदा तिथेही होतो. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही या लोकांनी तिथे चालवलं. बाहेरून आलेल्या युरोपीय चित्रकाराला या ताटात पोह्यांचा ढीग दिसेल. सियोनासारखीला त्यात आजी दिसते, खंडाळा दिसतो आणि समुद्रही दिसतो. आपल्यातलाच माणूस चित्र काढायला आला की सांगणाऱ्याचं निम्मं सांगणं वाचतं. उरलेलं निम्मं तो जास्त खोल जाऊन सांगू शकतो.

पण आपल्यातला नसलेला चित्रकारही हे करू शकतो का? कॅनडाचा चित्रकथाकार गी दलिल 2008 ते 2009 असं वर्षभर पूर्व जेरुसलेममधल्या बेत हनिना वस्तीत राहिला. त्याची जोडीदार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’चं काम करत होती आणि दोन लहान मुलं सांभाळणं त्याच्याकडे होतं. पाळणाघर, बंद रस्ते, तपासणी नाकी, शनिवारी न चालणाऱ्या बसगाड्या, यांतून वेळ काढून तो स्केचबुक घेऊन बाहेर पडायचा. पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांसाठी त्याने चित्रकथांच्या कार्यशाळा घेतल्या. या वर्षावरचं त्याचं पुस्तक 2012मध्ये अँगुलेमच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट ठरलं. दलिलचं मोठेपण त्याच्या संथपणात आहे. कळलं नाही तिथे तो न कळलेलंच काढतो. गाझात जायची परवानगी त्याला मिळाली नाही, म्हणून त्याच्या पुस्तकात गाझाच्या आतलं चित्र नाही. एखादा कमी प्रामाणिक चित्रकार फोटो बघून ते काढून मोकळा झाला असता.

जो साको हा चित्रकथाकार दलिलच्या आधी, 1991-92च्या हिवाळ्यात, वेस्ट बँक आणि गाझात फिरला होता. तो बातमीदाराच्या शिस्तीने काम करतो. माणसांना बसवून विचारतो, नोंदी घेतो, फोटो घेतो आणि घरी परतून वर्षानुवर्षं रेषा ओढतो. पुढे 1956मध्ये गाझातल्या खान युनिस आणि राफा इथे झालेल्या हत्यांवर त्याने मोठं पुस्तक केलं. त्यात आठवण सांगणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचा चेहरा समोरून काढला आहे, साक्षीदाराचा काढावा तसा. दोन साक्षी जुळल्या नाहीत तर तेही तो पानावर ठेवतो. चित्रकाराने माणसाचा शब्द असा मांडला की वाचकाला त्याच्याशी असहमत व्हायलाही जागा राहते.

जे.आर. या फ्रेंच छायाचित्रकाराने 2007मध्ये एकच व्यवसाय करणाऱ्या इस्राएली आणि पॅलेस्टिनी माणसांची वेडीवाकडी तोंडं करून काढलेली प्रचंड छायाचित्रं शेजारी-शेजारी चिकटवली. इस्राएल आणि वेस्ट बँक यांमधल्या विभाजक भिंतीवरही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना यातला कोण कुठला हे अनेकदा ओळखता येत नसे. कल्पना जबरदस्त, धाडस खरं, आणि तोंड वाकडं करायला राजी झालेल्या माणसांचं धाडस त्याहून मोठं. पण दोघांचे चेहरे सारखे दिसतात एवढ्याने दोघांची परिस्थिती सारखी होत नाही. टॅक्सीवाल्यांच्या जोडीतला एकच जण त्या भिंतीपलीकडे मोकळेपणाने गाडी नेऊ शकतो.

सहवासाने आपोआप न्याय होत नाही, हे सांगणारं गाव कार्मेल डोंगरावर आहे. एन होद. दादा या कलाचळवळीतला चित्रकार मार्सेल यांको याने 1953मध्ये ते पाडण्यापासून वाचवलं आणि तिथे कलावंतांची वसाहत उभी केली. दगडी घरं, डाळिंबं, कार्यशाळा. गाव देखणं आहे. ते 1948पर्यंत एन हौद नावाचं अरब गाव होतं. त्या युद्धात गावकरी विस्थापित झाले आणि मशिदीच्या इमारतीत पुढे उपाहारगृह निघालं. काही कुटुंबांनी जवळच डोंगरात नवं एन हौद वसवलं. सरकारी मान्यता, वीज आणि रस्ता यांसाठी त्यांना कित्येक दशकं झगडावं लागलं. यांकोने दगड वाचवले याबद्दल त्याचे आभार मानायलाच हवेत. ज्यांनी ते दगड रचले ते हाकेच्या अंतरावर असताना त्यांच्याबरोबर चित्र करायचं राहून गेलं, हेही तितकंच ठामपणे म्हणायला हवं.

उजाड झालेल्या अशा गावांच्या खुणा फड्या निवडुंगाने राखल्या. अमेरिका खंडातून आलेली ही काटेरी झुडपं पॅलेस्टिनी गावकरी कुंपणाला लावत. घरं गेली तरी कुंपणं पुन्हा पुन्हा फुटत राहिली. इस्राएलमध्ये जन्मलेल्या ज्यूंनीही याच निवडुंगाला आपली खूण मानलं. उम्म अल-फहम या अरब गावातला असीम अबू शक्रा तेल अवीवमध्ये शिकायला गेला आणि तोच निवडुंग त्याने कुंडीत लावलेला रंगवला, पुन:पुन्हा. मूळ मातीतून उपटलेला, खिडकीत ठेवलेला, तरी हिरवा. कर्करोगाने तो 1990मध्ये ऐन तारुण्यात गेला. दोन्ही समाजांनी आपली मानलेली वस्तू इतक्या शांतपणे आणि इतक्या वेदनेने दुसऱ्या कुणी काढलेली नाही.

7 ऑक्टोबर 2023नंतर हे सगळं बोलणं कठीण झालं आहे. हमासच्या हल्ल्यात सुमारे 1,200 माणसं मारली गेली. गाझातल्या युद्धातल्या मृतांची संख्या त्याच्या कितीतरी पट आहे, आणि त्यात मुलं फार आहेत. बेरी किबुत्झमधलं चित्रदालन हल्ल्याच्या दिवशी जळालं. गाझा शहरातली एल्तिका आणि शबाबीक ही चित्रकारांची केंद्रं युद्धात उद्ध्वस्त झाली. सोबत बसून चित्र काढल्याने बॉम्ब थांबत नाहीत, आणि तसा दावा करणाऱ्या प्रकल्पांपासून सावध राहिलेलं बरं. तरीही ही दालनं कुणाच्या तरी रोजच्या बसण्याच्या जागा होत्या. त्यांच्याबरोबर काय गेलं ते मोजायचं तर आधी त्यांत काय होतं हे ठाऊक हवं.

म्हणून असीमच्या गावाचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. त्याच्याच घराण्यातल्या सईद अबू शक्राने 1996मध्ये उम्म अल-फहममध्ये कलादालन सुरू केलं. अरब आणि ज्यू दोन्ही चित्रकार तिथे चित्रं लावतात. योको ओनोचंही प्रदर्शन तिथे झालं आहे. पण दालनाचं सर्वांत मोलाचं काम भिंतीवर टांगलेलं नाही. वादी आरा भागातल्या वृद्धांना बसवून त्यांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या, त्यांची छायाचित्रं घेतली गेली, जुने घरगुती फोटो गोळा झाले, आणि हा सारा संग्रह लंडनला किंवा न्यूयॉर्कला न जाता त्याच गावात ठेवला गेला. ज्याचा चेहरा आहे त्याच्या नातवाला तो बघायला ना विमान लागतं, ना परवाना. आणि आजोबांबद्दल लिहिलेलं काही चुकलं असेल तर दालनात जाऊन तो तसं सांगू शकतो.