बर्फाची मुदत

पंचमहाभूतांच्या यादीत बर्फ नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश एवढ्यांवर आपल्या पूर्वजांनी विश्वाचा संसार भागवला. हल्लीच्या अद्भुतकथांत मात्र बर्फ हे स्वतंत्र तत्त्व असते आणि त्याला स्वतःचा देवही असतो. बहुधा पांढऱ्या दाढीचा, निळ्या डोळ्यांचा आणि निष्ठुर. माझे विद्यार्थी त्या कथा मिटक्या मारीत वाचतात. त्यांतल्या एकाने मला विचारले, आपल्याकडे बर्फाचा देव कोण? मुलगा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा. त्याने बर्फ कारखान्यातून टेम्पोत चढणाऱ्या लाद्यांचा पाहिला आहे, पर्वतावरचा नव्हे. तेव्हा पार्वतीच्या पित्याचे नाव सांगून त्याची बोळवण करणे मला प्रशस्त वाटेना.

मिरकरवाड्याच्या बंदरात डिझेल, गोडे पाणी आणि बर्फ घेतल्याशिवाय ट्रॉलर लांब जात नाही. लादी यंत्रात फुटते, तिचा चुरा खणात पडतो. दर्याला श्रावणात नारळ मिळतो. बर्फाला कोणी फूलही वाहत नाही. खलाशांमध्ये नेपाळी पुष्कळ आहेत. हिमालयाच्या कुशीत जन्मलेले हे पोरगे कोकणच्या घामट उकाड्यात फावड्याने बर्फ ओढताना दिसतात, तेव्हा दैवाच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटते.

हा बर्फ करतो तरी काय? तो माशाला जिवंत ठेवीत नाही; मासा मेलेलाच असतो. त्याला कुजवणाऱ्या जंतूंची चाल तो मंद करतो, इतकेच. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि ती शोषली की त्याचे पाणी होते. म्हणजे वितळणे हेच त्याचे काम. शिवाय झालेली हानी तो भरून काढीत नाही. बांगडा उन्हात तासन्‌तास पडला, तर त्यात हिस्टामिन नावाचे विष तयार होते. मागाहून कितीही बर्फ घाला, कालवण कितीही उकळा, ते जात नाही. बर्फ क्षमा करीत नाही. तो फक्त मुदत देतो.

मुदत म्हटल्यावर मला एक देव आठवला. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राची कथा आहे. नाटकातल्या सत्यवचनी राजाहून हा निराळा वाटावा असा. निपुत्रिक राजाने वरुणाला नवस केला की पुत्र दे, त्याच पुत्राने तुझे यजन करीन. रोहित जन्मला. वरुण मागायला आला. राजा म्हणाला, दहा दिवस होऊ देत. मग दात येऊ देत. मग ते पडू देत. मग नवे येऊ देत. मग कवच चढवण्याजोगा होऊ दे. प्रत्येक वेळी वरुण ‘बरे’ म्हणाला. पाण्याच्या अधिपतीने इतका धीर धरावा याचे मला नवल वाटते. अखेर मुलगा रानात पळाला, आणि बापाचे पोट पाण्याने फुगले.

माझ्या मते बर्फाचा देव असेल तर हाच. मुदत वाढवून देणारा, पण हिशेब न विसरणारा.

परंतु कथा तिथे थांबत नाही. रानात रोहिताला अजीगर्त नावाचा भुकेला ब्राह्मण भेटला. शंभर गाई देऊन त्याने त्याचा मधला मुलगा, शुनःशेप, आपल्या जागी विकत घेतला. राजाने वर्षानुवर्षे मागितलेल्या मुदतीची किंमत अशा रीतीने तिसऱ्याच्याच पोरावर आली. शुनःशेप सुटला हे खरे. पण तो देवांची स्तुती करून सुटला, राजाच्या दयेने नव्हे.

बर्फ येण्यापूर्वीचे दिवस चांगले होते, विकले न गेलेले मासे शेजारीपाजारी वाटले जात, असे म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांचे मला पटत नाही. तेव्हा नाखव्याला किनाऱ्यावर आल्या आल्या मिळेल तो भाव घ्यावा लागे, नाहीतर मीठ आणि ऊन यांच्या हवाली करावे लागे. ज्याचा माल संध्याकाळपर्यंत कुजणार आहे, तो घासाघीस काय करणार? बर्फाने त्याला ‘नाही’ म्हणण्याचे बळ दिले. हे लहान सुख नव्हे.

पण ते बळ सर्वांना सारखे मिळाले नाही. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाज कलकत्त्याला बर्फ घेऊन निघाले. निघताना सुमारे 180 टन होता, चार महिन्यांनी पोचला तो सुमारे 100. तो साहेबांच्या पेल्यांसाठी होता. जहाजातून तो उतरवणाऱ्या हमालाच्या तोंडात किती पडला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. आजही शीतगृहवाला व्यापारी भाव चढेपर्यंत सुरमई आठवडेच्या आठवडे थांबवू शकतो. लिलावात माल घेऊन बाजारात बसलेल्या बाईला थांबता येते ते टोपलीतला बर्फ असेपर्यंत. तिचे गिऱ्हाईक हे जाणते. ते अकराला भाव विचारून जाते आणि एकला परत येते.

एकच्या सुमारास टोपलीखालून पाण्याचा ओघळ रस्त्यापर्यंत गेलेला असतो. बाई हाताने बांगड्यांवरचा उरलेला चुरा सारखा करते, वरचे बांगडे खाली आणि खालचे वर घेते, आणि आणखी दहा रुपयांचा बर्फ आणावा की दहा रुपये भाव उतरवावा, याचा विचार करीत बसते.