आधी पोरीला विचार

बस खाली. चहा नंतर. सातवीत तुला गणित मी शिकवलंय, तेव्हा आज तोंडावर बोलणारच.

कपाशीचं बियाणं घेताना पाकिटावरचा लॉट नंबर वाचतोस, पक्कं बिल मागतोस. आणि एकोणीस वर्षांची पोर तीन महिने धड झोपत नाही, जेवत नाही, तिला मात्र रस्त्यावर 'समुपदेशक' अशी पाटी दिसली म्हणून त्या माणसाकडे आत घेऊन गेलास! त्याचं शिक्षण विचारलंस? त्यानं पहिल्याच भेटीत 'लग्न लावून द्या' म्हणून सांगितलं, वर पोरीनं विश्वासानं सांगितलेलं तुझ्या कानावर घातलं. ती गप्प झाली, तर आता म्हणतोस, सगळे असेच! त्याचं चुकलंच. पण चौकशी न करता पोर त्याच्यासमोर बसवलीस तू.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्याच विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध तो देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागायला लाजतोस कशाला? 'समुपदेशक' ही पाटी दोन दिवसांचं शिबिर करूनही लावणारे आहेत, तिथे दुप्पट खोदून विचार. पोरीचं बोलणं गुप्त राहील का, हेही विचार. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तो हक्क तिला दिलाय, बापापासूनसुद्धा.

'लोके काय म्हनतीन' हे माझ्यासमोर नको. चाळीसगावात कोणी बघेल अशी भीती वाटते ना? मग गाडीत बस, धुळ्याला जा. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखव. आज रात्रीच 14416 लाव. टेली-मानस हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि जगायचं नाही असं ती एकदा जरी म्हणाली, तर तिला एकटं सोडू नकोस, त्याच घटकेला रुग्णालय गाठ.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन-चार आठवडे लागतात. आठवड्यात बरं वाटलं नाही म्हणून आपल्या मनानं बंद करशील तर याद राख. तीन-चार भेटी झाल्यावर तिला विचार, इथे मोकळं बोलता येतं का. नाही म्हणाली तर माणूस बदल, उपचार थांबवू नकोस. बाई हवी की पुरुष, तेही तीच ठरवेल.

जाताना औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या असतील त्या बरोबर घे. आणि डॉक्टरांनी तिला काही विचारलं, तर तिच्याऐवजी तू उत्तर देऊ नकोस.