गिऱ्हाईक चालत येत नाही म्हणे

कर्जतच्या चार फाट्यावर रविवारच्या वाहतूक कोंडीत काय झालं ते सांगत बसत नाही. जे अडकले त्यांनी पाहिलं, उरलेल्यांनी मोबाइलवर पाहिलं. माझा राग कोंडीवर नाही, ती दर आठवड्याची. राग त्यानंतरच्या चहावर आहे. चौकातल्या गाड्या हटवून माणसांना टेकायला जागा करावी, असं कुणीतरी बोललं आणि टपरीवरच्या सगळ्यांना एकदम गिऱ्हाइकाचा कळवळा आला. "गाडी दारात लागली नाही तर धंदा बसेल हो!" रुग्णवाहिका, एसटी वगैरे तोंडी लावण्यापुरते.

आणि हे कोण सांगतंय, तर कर्जतकर! भोर घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन जोडायचं, तेवढ्या मिनिटांत माणसं फलाटावर उतरायची आणि दिवाडकरांचा वडा घेऊन धावत डब्यात शिरायची. गाडी थांबली, माणूस खाली उतरला, म्हणून या गावाचा वडा जगाला कळला. एकही गिऱ्हाईक चारचाकीतून फलाटावर आलं नव्हतं. आजही लोकलमधून उतरलेली माणसं पायीच बाजारात शिरतात. त्यांना मात्र आपण गिऱ्हाईक म्हणत नाही, गर्दी म्हणतो. आणि दुकानाच्या दारात सकाळपासून उभी असलेली गाडी कुणाची, विचारा एकदा. बहुतेक शेठचीच निघेल.

रानभाजीची पाटी घेऊन बसलेली कातकरी बाई दोन हात जागा अडवते, ते अतिक्रमण. मोटार नऊ हात अडवते, ते पार्किंग.

चौक हा शब्द वाड्यातलाही. मधली मोकळी जागा, पापड वाळवायची, पंगत बसवायची, पोरांनी गुडघे फोडायची. तिथे कुणी बैलगाडी आणून सोडत नव्हतं. आताच्या चौकात मधोमध जाळीतलं कोरडं कारंजं आणि वर भावी नगरसेवकांचे वाढदिवस. याला सुशोभीकरण म्हणतात. हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

पुण्याने २०२१ मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांना दिला. एक दिवस, एकादशीसारखा. आपल्याला तर पुण्यालाही जायला नको. माथेरान आपल्याच तालुक्यात. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे बहुतेक आपले पाय, नाहीतर घोडा. तिथला बाजार बसल्याचं ऐकिवात नाही. (फार मिरवायलाही नको. तिथे हातरिक्षात माणसाने माणसाला ओढणं थांबवा, हे २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.)

मी तरी कुठला सोवळा? कोपऱ्यावरून पाव आणायला स्कूटर काढतो.

टपरीवर सगळ्यांत मोठ्याने बोलणारे शेठ मागच्या महिन्यात सहकुटुंब माथेरानला जाऊन आले. बाजारभर पायी हिंडले, चपला घेतल्या, चिक्की घेतली. "काय मोकळं वाटतं हो तिथे," असं मलाच सांगत होते. चिक्कीचा एक पुडा मलाही दिला, म्हणून इथे नाव लिहीत नाही.