मुलीचा शब्द



आई मुलीविरुद्ध व मुलगी आईविरुद्ध उभी राहील, असे प्रभू येशू लूकलिखित शुभवर्तमानात सांगतो. शांतिदात्या प्रभूच्या तोंडचे हे शब्द ऐकून आपण दचकतो. जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरात ते एकदा अक्षरशः खरे ठरले.

साल १५२५. मार्च महिन्यात नगरसभेने मार्टिन ल्यूथरची शिकवण स्वीकारली. शहरातील संत क्लाराच्या मठात सुमारे साठ धर्मभगिनी होत्या. वयाच्या बाराव्या वर्षी मठात आलेल्या विदुषी कारितास पिर्कहायमर तेथे मठमाता होत्या. मिस्सा बंद झाली, पापनिवेदन बंद झाले. भगिनींनी मठ सोडावा म्हणून दबाव वाढू लागला.

१४ जून, ख्रिस्तशरीराच्या सणाचा आदला दिवस. शहरातील तीन प्रतिष्ठित घराण्यांतील माता आपापल्या मुलींना न्यायला आल्या. मार्गारेटा, कातरिना आणि क्लारा रडत राहिल्या, पण जायला तयार होईनात. देवाला दिलेला शब्द मोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मठमातेचे म्हणणे होते. शेवटी दोघे पुढून ओढत, दोघे मागून ढकलत, अशा रीतीने मुलींना बाहेर काढले. अंगावरची मठाची वस्त्रे उतरवली आणि गाडीत बसवले. हे सारे मठमातेनेच लिहून ठेवले आहे.

आदल्याच दिवशी, १३ जूनला, विटेनबर्ग येथे ल्यूथरचा विवाह झाला. वधू कातरिना फोन बोरा. तिला घरच्यांनी लहानपणीच मठात ठेवले होते. १५२३ च्या पुनरुत्थान सणाच्या वेळी ती इतर भगिनींसह मठातून निघून गेली.

एकीला मठात राहायचे होते, दुसरीला तेथून निघायचे होते. व्रत मोडले गेले याचे मला धर्मगुरू म्हणून दुःख वाटते. पण त्या कोवळ्या वयात कातरिनाला कुणी विचारले होते? न्युरेंबर्गच्या त्या तिघींना तरी कुणी विचारले? धर्म बदलला, तरी मुलीचे आयुष्य घरानेच ठरवायचे, ही रीत मात्र बदलली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ल्यूथरचा सहकारी मेलांक्थोन मठमातेला भेटला. व्रतांबाबत त्यांचे मतभेद कायम राहिले, पण ही जबरदस्ती त्यालाही पटली नाही. भगिनींना मठात राहू दिले गेले. मात्र नव्या मुली घेण्यास मनाई झाली, आणि अखेरची भगिनी निवर्तल्यावर मठ संपला.

सद्सद्विवेकबुद्धी हे माणसाचे गाभारा-मंदिर आहे, तेथे तो एकटाच देवासमोर उभा असतो, असे दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ साली सांगते. त्या गाभाऱ्यात आईवडिलांनाही चप्पल काढूनच जावे लागते. मार्गदर्शन करणे हा त्यांचा हक्क आहे, पण देवाला द्यायचा होकार मुलीचा स्वतःचाच असावा लागतो. मरियेलाही देवदूताने विचारले आणि तिच्या होकाराची वाट पाहिली.

मीही दोषी आहे. मठात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या घरी गेलो की मी आधी वडिलांशी बोलतो. ती दाराआड उभी असते.

या आठवड्यात आपल्या मुलीला जवळ बसवा. शिक्षण असो, लग्न असो वा व्रतस्थ जीवन, तिला विचारा, ‘बाळा, तुझ्या मनात काय आहे?’ आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा.

आपल्या घराघरांत मुलीचा शब्द ऐकला जावा म्हणून प्रार्थना करू या.