पंगतीवरचा पॉज

शारजातला दिवस-रात्रीचा सामना घरी रेकॉर्ड करायचा, तर आधी कॅसेटचा हिशोब करावा लागे. ई-१८० वर तीन तास मावतात, एलपीवर लावली तर सहा. तेवढ्यात सामना बसत नाही. मग ई-२४० आणायची आणि एलपीवर आठ तास काढायचे. २२ एप्रिल १९९८ ला सचिनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४३ धावा केल्या, मध्येच धुळीच्या वादळाने खेळ थांबला. ज्यांनी अशी कॅसेट लावून ठेवली होती, त्यांच्याकडे त्या खेळीबरोबर ते वादळही राहिलं.

मात्र त्याच डबीत जास्त फीत बसवायची म्हणून ई-२४० ची फीत पातळ असते. जुना व्हीसीआर ती चटकन खातो. एलपीवर फीत निम्म्या वेगाने सरकते, चित्र पुसट येतं. सामन्याला हे चालून जातं. चिपळूणहून रजा संपवून परतणाऱ्या कुणाच्या बॅगेतून आलेल्या लग्नाच्या कॅसेटला नाही चालत. भारतात टीव्हीची पद्धत पाल, अमिरातीतही पाल, त्यामुळे गावाकडची कॅसेट दुबईत थेट लागायची. अमेरिकेतल्या मावशीने पाठवलेली एनटीएससी असायची, तिला मल्टिसिस्टिम व्हीसीआर हवा. लग्नाची प्रत चांगल्या ई-१८० वर, एसपीवर, म्हणजे पूर्ण वेगाने काढायची. मूळ कॅसेटच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकायचा, म्हणजे चुकूनही कुणी त्यावर मालिका भरणार नाही.

मूळ जपायची आणि प्रत बघायची, ही आखातातल्या मराठी घरांतली रीत मला फार मोलाची वाटते. कारण पॉज दाबला की चित्र थांबतं, फीत थांबते, पण आतला ड्रम सेकंदाला पंचवीस फेरे घेतच राहतो आणि त्याचे हेड फितीच्या त्याच तुकड्यावर घासत राहतात. आता सांगा, मंगलाष्टकांवर पॉज कोण दाबतं? पॉज पडतो पंगतीत, आजी वरणाची वाटी घेऊन वाकते तिथे. एरवी तिचा एखादा फोटो असेल. हलती, बोलती आजी एवढीच. म्हणजे ज्या जागेवर सगळ्यांचा जीव, तीच जागा आधी झिजते. म्हणून बघणं सोडायचं का? मुळीच नाही. प्रत जराशी फिकी असते, पण झिजण्यासाठीच ती काढलेली असते. तिच्यावर मनसोक्त पॉज दाबावा.

आता व्हीसीआरच दुर्मीळ झालाय. तो बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाईनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आखाताच्या दमट हवेत, एसी बंद असलेल्या खोलीत फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पांढुरके डाग दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. बाकीच्या आता लवकर संगणकावर उतरवून घ्या. आणि उतरवून देणाऱ्याला आधीच बजावा, पंगत कितीही लांबलेली वाटली तरी त्यातलं काही कापायचं नाही.