वर्गणी आणि मैत्री

ज्या कार्यास आपली संमति नव्हती, त्याच्या खर्चाचा वांटा उचलण्यास सभासद नीतिदृष्ट्या बांधलेला असतो काय? हा प्रश्न लहानशा वाचनालयाच्या सभेंतही निघतो. परंतु संयुक्त राष्ट्रसंघांत तो मित्रराष्ट्रांमध्यें निघाला तेव्हां त्याचें स्वरूप विशेष उघड झालें, म्हणून आम्ही तेथूनच विचारास आरंभ करतों.

आमसभा ठरवील त्या प्रमाणांत सर्वांनीं खर्च सोसावा, असें संघाच्या सनदेचें १७ वें कलम सांगतें. आणि १९ व्या कलमान्वयें दोन वर्षांच्या वर्गणीइतकी बाकी थकल्यास आमसभेंतील मताचा हक्क जातो. १९६० सालीं संघानें काँगोंत सैन्य पाठविलें. त्याचा खर्च सोव्हिएट रशियानें नाकारला, यांत कोणास नवल वाटलें नाहीं. फ्रान्सनेंही नाकारला, हें मात्र अमेरिकेस अवघड गेलें; कारण फ्रान्स हा नाटो-करारांतील तिचा सोबती. फ्रान्सचा युक्तिवाद अगदींच पोकळ होता असें नव्हे. बहुमताच्या जोरावर आमसभेनें सार्वभौम राष्ट्रावर असला बोजा लादावा काय, ही शंका प्रामाणिक माणसासही येईल. पण २० जुलै १९६२ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ९ विरुद्ध ५ मतांनीं अभिप्राय दिला कीं, हा खर्च संघाचाच होय.

तरी पैसे आले नाहींत. मत घेतलें तर कोणाचा हक्क गेला हें सांगावें लागेल, या धास्तीनें आमसभेनें १९६४ च्या अधिवेशनाचें जवळजवळ सर्व काम मतदानावांचूनच उरकलें! अखेर ऑगस्ट १९६५ मध्यें अमेरिकेचे प्रतिनिधि आर्थर गोल्डबर्ग यांनीं १९ व्या कलमाचा आग्रह सोडला. पण त्याच वेळीं बजाविलें कीं, इतरांस अपवाद मिळणार असेल तर सबळ कारण पडल्यास तो आमच्या राष्ट्रासही मोकळा राहील.

पुढें तसेंच घडलें. १९९५ सालीं, संघाच्या पन्नासाव्या वर्षीं, अमेरिकाच सर्वांत मोठी थकबाकीदार होती. प्रतिनिधित्व नाहीं तर कर नाहीं, ही अमेरिकन वसाहतींची इंग्लंडविरुद्धची जुनी आरोळी. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री माल्कम रिफ्किंड यांनीं ती उलटी करून विचारिलें कीं, कर न भरतां प्रतिनिधित्व कसें चालेल? मित्रास इतकें नेमकें टोंचावें तें इंग्रज मुत्सद्द्यांनींच. परंतु टोंचण्यापलीकडे कोणी गेलें नाहीं. १९९९ सालीं अमेरिकेनें कायदा करून ९२ कोटी ६० लक्ष डॉलर फेडण्याचें कबूल केलें, तेंही आपला वांटा शेंकडा २५ वरून २२ वर आणण्याच्या अटीवर. आणि डिसेंबर २००० मध्यें आमसभेनें तो उतरविला. उरलेला भार अर्थात् दुसऱ्यांवर पडला.

सद्सद्विवेकबुद्धीस पटत नाहीं म्हणून पैसे न देण्याचा मार्ग आमच्या देशास अपरिचित नाहीं. १९२८ सालीं बारडोलीच्या शेतकऱ्यांनीं वाढीव सारा नाकारला. पण जमिनी व गुरेंढोरें जप्त झालीं तींही त्यांनीं सोसलीं. नकाराचें नैतिक वजन त्या सोसण्यांत होतें. फ्रान्सनें काय गमावलें? मत राहिलें, सुरक्षा समितींतील कायमची जागा राहिली. अमेरिकेचेंही तेंच. किंमत द्यावयाची नसलेला नकार हा सत्याग्रह नव्हे, ती सवलत आहे; आणि ती मित्रांनीं भिडेखातर दिली, असें आमचें स्पष्ट मत आहे. भीड हा मैत्रीचा गुण म्हणावा तर ती स्वतःच्या खिशांतून पुरविली पाहिजे. येथें ती बहुतांशीं तिऱ्हाइतांच्या खिशांतून पुरविली जाते. बड्या राष्ट्रांची वर्गणी थकली कीं, शांतिसेनेस सैनिक पुरविणाऱ्या देशांची भरपाई रखडते. ज्या काँगोवरून हा तंटा उभा राहिला, तेथें भारताच्याही पलटणी लढल्या होत्या. आणि २०१९ सालीं अशाच कामगिऱ्यांबद्दल संघाकडून भारतास सुमारें ३ कोटी ८० लक्ष डॉलर येणें होते.